तिसऱ्या दिवसाचं शून्य

गौतम,

परवा अकोल्यात तुझ्या पुण्यानुमोदनाला मला ‘दोन शब्द बोला’ म्हणून उभं केलं आणि मी पाऊण तास बोललो. तू असतास तर मनगट पुढं करून म्हणाला असतास, ‘अकरा मिनिटं झाले बे.’ असो. सांगायला आता तू नाहीस, तेव्हा पाऊण तासच.

भन्तेजींची वंदना आटोपली होती. तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या होत्या. लोक रडवेले बसले होते आणि रडवेल्या माणसांपुढं मला काही सुचत नाही, म्हणून मी विंचवाची गोष्ट काढली. चांदूर बाजारकडं दोन भावांचा शेताच्या धुऱ्यावरून वाद, तू मोजणीला गेलेला, भर दुपार. खुंटी ठोकायला वाकलास तर नेमका त्याच जागी हातभर लांब विंचू. दोन्ही भाऊ पळाले. तू मात्र नकाशा पाहिलास, विंचवाकडं पाहिलंस आणि म्हणालास, ‘भाऊ, तू धाकट्याच्या हद्दीत बसून राह्यला. चार बोटं इकडं सरक.’ आणि विंचू नांगी खाली घालून सरकला! अख्खं सभागृह हसलं. भन्तेजी हसले. मागच्या रांगेतला एक म्हातारा तर इतका हसला, की मला वाटलं आता याचंही पुण्यानुमोदन इथंच उरकावं लागणार.

मग जेवणं. आलू-वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. मी हात धूत होतो तेव्हा शीलावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून तुझी ती खिशात मावणारी निळी डायरी काढली.

‘भाऊजी, हे पाहा. तुमच्या अमरावतीच्या मशीनवरचे सारे आकडे लिहून ठेवले त्यांनी.’

पाच पानं. प्रत्येक पानावर तारीख, आणि खाली डोकं किती सरकलं होतं त्याचे आकडे : वर-खाली, मागं-पुढं, डावी-उजवी. तिसऱ्या दिवसाच्या पानावर एक जास्तीची ओळ. ‘मधली तपासणी : ०.’ आणि त्याच्याखाली, नकाशावर गट नंबर घालायचास त्याच सुबक अक्षरात, ‘विज्यानं जन्मात एक गोष्ट मापात केली.’

‘हे पान मले किती खेपा दाखवलं असंल,’ वहिनी म्हणाल्या. ‘म्हणत, थट्टेखोर आहे, पण कामात पक्का आहे.’

मी ‘हो’ म्हणालो. डायरी त्यांच्या हातात परत दिली. पायात चप्पल सरकवली आणि बस धरली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसलेलो. शेजारच्या अनोळखी माणसानं स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. त्याला वाटलं, याला भोवळ आली.

ते शून्य खोटं आहे, गौतम. मी तुला जन्मभर दहा हजार थापा मारल्या असतील. तू प्रत्येक थाप पकडलीस, मापली, कापून खरी तेवढी माझ्या हातात ठेवलीस. नेमकी ही एक तू तपासली नाहीस. सरळ लिहून घेतलीस.

आपलं भांडण शाळेतलं. मी म्हणायचो, विहीर शंभर हात खोल आहे. तू खडा टाकायचास, कान देऊन ऐकायचास आणि म्हणायचास, ‘तीस.’ चिखलदऱ्याला लूनावर गेलो होतो, तेव्हा उतारावर आडवं आलेलं ते अस्वल! मी गावात येऊन सांगितलं, दहा फूट. तू सगळ्यांसमोर म्हणालास, ‘पाच. आन् अस्वल नव्हतं, म्हैस होती.’ माझी इज्जत त्या एका वाक्यात दरीत गेली.

पण तू मोजणी खात्यात लागल्यावर ते भांडण निराळं झालं. एकदा तू फार दमून आला होतास. कुठल्याशा गावात सव्वा फुटाच्या धुऱ्यावरून एकानं दुसऱ्याचं डोकं फोडलं होतं. तू म्हणालास, ‘तुह्या फेकण्यानं कोणाचं काई जात नाही विज्या, तोवर फेक. माह्या धंद्यात हातभर इकडंतिकडं झालं तर माणूस मरते.’

‘माह्या धंद्यात तर मिलिमीटर असते बे,’ मी म्हणालो.

‘मंग तठी तरी तोंड बंद ठेवतं का?’

‘तठी तर जास्तच लागते.’

मी थट्टा करत नव्हतो. आमच्या दवाखान्यात कॅन्सरवर किरण देतात त्या रेडिओथेरपीच्या टेबलावर माणूस येतो तेव्हा त्याचे पाय थरथरत असतात. डोकं टेबलाला आवळून ठेवायचं, दार बंद करून आम्ही सगळे बाहेर जायचं, आणि त्यानं आत एकट्यानं पडून राहायचं. मी एखादी गोष्ट सोडतो, त्याचे खांदे खाली येतात. माझं म्हणणं, घाबरलेला माणूस रमला की स्थिर पडतो. तुझं म्हणणं, त्याला खरं सांगितलं की स्थिर पडतो. हा वाद आपण कितीदा घातला! निकाल लागला नाही.

मग तूच आलास टेबलावर.

छातीतला आजार डोक्यात चढला होता. बोराच्या बीएवढी गाठ, डाव्या डोळ्याच्या नसेला अगदी लागून. पाच दिवस नेमके किरण द्यायचे ठरले. तू मुंबई-नागपूर काही केलं नाहीस, अमरावतीलाच आलास, कारण इथं मी होतो. मी म्हणालो, ‘काळजी कावून करतं? साऱ्या विदर्भात माह्यासारखा मास्क करणारा नाही.’ तू म्हणालास, ‘साऱ्या विदर्भात दोन-चार तरी असतीनच.’

मास्क काय असतो ते तुला मी दाखवलं. जाळीची प्लास्टिकची पाटी. गरम पाण्यात टाकली की ओल्या फडक्यासारखी लुळी पडते. ती चेहऱ्यावर ओढायची, कडा टेबलाला अडकवायच्या आणि थंड होऊन कडक होईस्तोवर माणसानं पापणीही हलवायची नाही. तोच मास्क घालून स्कॅन. त्या स्कॅनवर गाठ आणि नस आखून किरणांची सगळी आखणी. आणि मग रोज त्याच मास्कमध्ये डोकं जसंच्या तसं बसवायचं. किरण सोडायच्या आधी मशीन टेबलावरच कवटीचं चित्र काढतं, पहिल्या स्कॅनवर ठेवून पाहतं आणि जितका फरक तितकं टेबल हलवतं. तू दोन मिनिटं विचार केलास आणि म्हणालास, ‘म्हंजे हद्दीचा दगड कवटीत, आन् मोजणी रोज नव्यानं.’ आमच्या सोनल मॅडमना हे इतकं आवडलं, की त्या आजही नव्या पेशंटला असंच समजावतात. मॅडम म्हणजे आमच्याकडच्या फिजिसिस्ट. किरण किती आणि कुठं, याचा सगळा हिशेब त्यांचा. माझ्या पोरीच्या वयाच्या, मला विजयकाका म्हणतात, आणि मला दोनदा बजावलं होतं, ‘काका, मास्क करताना गोष्टी बंद.’

तुझ्या मास्कच्या वेळी मॅडम खोलीत नव्हत्या.

पाटी तुझ्या तोंडावर ओढली. तुझ्या गळ्याची शीर उडत होती, मला जाळीतून दिसत होती. महिनाभर तू हसला नव्हतास. वहिनींनी फोनवर सांगितलं होतं. आणि माझ्या ध्यानात आलं, की आयुष्यात पहिल्यांदा तुला माझं बोलणं खोडता येणार नाही. मी सुरू झालो. ‘गौतम, ते चिखलदऱ्याचं अस्वल आठवते? बारा फूट होतं.’ तुझ्या घशातून ‘हं’ असा आवाज आला. ‘पंधरा म्हण. पाठीवर आंब्याचं झाड उगवलेलं. मी त्याले म्हटलं, बाजूले हो, तर म्हणते कसं, आधी गौतमभाऊले मोजू द्या.’ तुझं पोट हललं. जाळीखाली गाल वर चढले, डोळ्यांच्या कडांना घड्या पडल्या. आणि तसेच, चढलेल्या गालांवर, ती पाटी कडक झाली.

मी पाहिलं, गौतम. सव्वीस वर्षं हे काम करतो, मला दिसणार नाही? पाटी पुन्हा गरम पाण्यात टाकायची, पुन्हा ओढायची, फार तर वीस मिनिटं. पण बाहेर सात पेशंट बसले होते. आणि, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तो हसरा साचा मला मोडवेना. मी तुला उठवलं आणि म्हणालो, ‘एकदम फिट.’

पहिल्या दिवशी मास्क लावला तर गालांपाशी पोकळी. तू गंभीर पडला होतास, आणि मास्क हसऱ्या माणसाचा. मी कानाशी वाकून म्हणालो, ‘हस लेका.’

‘कावून?’

‘मास्क हसरा आहे.’

तू हसलास, मास्क बसला. चित्र काढलं तर हनुवटी खाली झुकलेली, फरक एरवीपेक्षा जास्त. टेबल हलवून तो काढला. मॅडमनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, ‘काका, मास्क करताना काही झालं होतं का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

एक शब्द. मी, ज्याला वेळ सांगायला दोन वाक्यं लागतात, तो मी एका शब्दात सुटलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. तू टेबलावर पडून हसायचास, आम्ही बाहेर जायचो, मशीन फिरायचं. उतरल्यावर तू गाल चोळत म्हणालास, ‘अठ्ठावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत इतका हसलो नाही.’ वहिनी हसल्या. मीही. पण मला घरी जेवण गेलं नाही, आणि माझं जेवण न जाणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पडून पडून माणूस किती वेळ हसेल? पाच मिनिटं? सहा? मग गाल उतरतात, मास्क ढिला पडतो, हनुवटी हळूच खाली येते. किरण तर तेव्हाही चालूच असतात.

तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, ‘सलग दोन दिवस एकाच बाजूला फरक आहे. आज अर्ध्यात थांबून परत चित्र घेऊ.’ आमच्याकडं मधलं चित्र रोज घ्यायची रीत नव्हती. शंका आली तरच. मशीन थांबलं. चित्र आलं. मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. आम्हाला एका मिलिमीटरची मुभा असते. तू तिच्या कितीतरी बाहेर होतास.

मी आत गेलो. जाळीतून तुझा आवाज आला, ओठ न हलवता बोललास, ‘कावून थांबवलं?’

‘मशीनले चहा पाजला.’

‘विज्या. किती सरकलो?’

तू ‘विज्या’ म्हणालास तेव्हा त्यात थट्टा नव्हती. तू बांधावर उभा राहून, मोजणीच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला विचारावं तसं विचारलंस. मला खरं सांगायचं होतं. पण मग तू विचारलं असतंस, कशामुळं. आणि मग मास्क, आणि मग अस्वल. मी म्हणालो, ‘शून्य. जागच्या जागी आहेस, वतनदारासारखा.’

तुझे डोळे मिटले. खांदे खाली आले. म्हणजे आपल्या वादात त्या दिवशी मी जिंकलो; माणूस खोट्यानंही स्थिर पडतो.

मॅडमनी उरलेले किरण जागा सुधारून दिले, आणि चौथ्या दिवसाआधी नवा मास्क करायला लावला. त्या वेळी त्यांनी परत विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तुला आम्ही सांगितलं, ‘मास्क ढिला झाला.’ नव्या मास्कच्या वेळी मी इतका गप्प होतो, की तू घाबरलास. पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी, आठवडा गेला, आणि शेवटचे दोन दिवस तू कागदावर रेघ मारावी तसा सरळ पडलास. मॅडमनी तिसऱ्या दिवसाचा हिशेब मांडला, डोळ्याच्या नसेवर मर्यादेपलीकडं काही गेलं नाही म्हणाल्या. मी गाडगेनगरात जाऊन एकट्यानं पाव किलो जिलेबी खाल्ली. पाव किलोच. मोजून सांगतो.

पुढं तुझा फोन आला. उन्हं तापायला लागली होती. ‘विज्या, डाव्या डोळ्यापुढं धूर दिसून राह्यला.’

मी काय म्हणालो आठवतं? ‘अकोल्याचं ऊन आहे, डांबर वितळून डोळ्यापुढं येते.’ तू हसला नाहीस. मग म्हणालास, ‘दिसत नसलं की समोरची खुंटी दोन ठिकाणी वाटते बे,’ आणि फोन ठेवलास.

नवीन तपासणीत डोक्यात दुसरीकडं गाठी निघाल्या. आपण जिच्यावर किरण दिले ती शांत होती, डॉक्टरांनी मला स्वतः पडद्यावर दाखवली. डोळा नव्या सुजेनं गेला असेल, म्हणाले. औषधानंही जातो. किरणांनीही, कधीकधी, उशिरा. नक्की सांगता येत नाही. आणि शेवटी तू गेलास तो छातीनं गेलास, त्यात माझा हात नाही, हे मला कळतं. पण तू त्या डोळ्यानं शेवटचे तीन महिने नातीचा चेहरा अर्धाच पाहिलास. माझं अडलं आहे ते तिथं.

काल मी परत अकोल्याला गेलो. वहिनी गच्चीवर तिखटाच्या मिरच्या वाळत घालत होत्या. मी उन्हातच उभा राहून सगळं सांगितलं. अस्वलापासून. एकही शब्द वाढवला नाही, आणि वाढवला नाही तर ती गोष्ट किती लहान होते पाहा. चार-पाच मिनिटांत संपली.

वहिनी मिरच्या पसरत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्याच्यानंच डोळा गेला का?’

‘मॅडमच्या हिशेबानं नाही.’

‘मॅडमले हे हसण्याचं सांगितलं होतं तुमी?’

मी मान हलवली. नाही.

‘मंग त्यांचा हिशेब कशाचा धरता?’

तुझ्यासोबत तीस वर्षं काढली त्या बाईनं, गौतम. मी पायरीवर बसलो. त्यांनी मला पाणी दिलं नाही, चहाचं विचारलं नाही. तुझ्या घरात मला हे पहिल्यांदा झालं. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘मले सांगून काय होते भाऊजी? ते मरेस्तोवर ते पान घेऊन बसले. त्यांले सांगाले पायजे होतं. आता त्या मॅडमले तरी सांगा. इथीसा काय बसले? जा.’

आज सकाळी मॅडम आल्या तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी उभा होतो. सांगितलं. त्यांनी पर्स खांद्यावरून उतरवली नाही, तशाच ऐकत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘काका, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.’

‘हो.’

‘तेव्हा सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवसापासून मधलं चित्र घेतलं असतं. किंवा किरण दिलेच नसते.’

‘हो.’

‘तिसऱ्या दिवसाचं माझ्याजवळ चित्र आहे, म्हणून हिशेब आहे. पहिल्या दोन दिवसांत ते मास्कमध्ये कधी सरकले, किती सरकले, याचं काहीच नाही. ते आता काढता येणार नाही.’

‘अंदाजे?’ मी विचारलं.

‘अंदाज मी लिहीत नाही,’ त्या म्हणाल्या, आणि कागद ओढून माझं सगळं म्हणणं लिहून घेतलं. तो कागद वर जाईल. तूर्त मास्क करायचं काम माझ्याकडून काढलं आहे. बरोबर केलं. आज एका बाईचा मास्क दुसऱ्यानं केला. मी दाराबाहेर बाकावर होतो. आतून काही आवाज येत नव्हता. ती बाई बाहेर आली तेव्हा तिचे पाय थरथरत होते, आणि तिला सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं.

तेव्हा तुला सांगतो. तुला सांगायला हवं होतं असं वहिनी म्हणाल्या म्हणून, आणि तू विचारलं होतंस म्हणून. तिसऱ्या दिवशी, मधल्या तपासणीत, तू हनुवटीच्या बाजूला अडीच मिलिमीटर सरकला होतास. कारण मी. पहिल्या दोन दिवसांचं मला माहीत नाही. मॅडमनाही नाही. आता कुणालाच कधी कळणार नाही.

एरवी मी काहीतरी सांगितलं असतं.